मतपत्रिकेवर जागा कोणाची?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दुरून पाहणाऱ्यास एकच भासत असली, तरी वस्तुतः ती पन्नास राज्यांच्या पन्नास आणि राजधानीची एक अशा एक्कावन्न निवडणुकांची बेरीज असते; कारण राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची नेमणूक कोणत्या रीतीने व्हावी हे ठरविण्याचा अधिकार तेथील राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाच्या हाती ठेवला आहे, आणि त्या एका तरतुदीतून राज्याराज्यांच्या निराळ्या मतपत्रिका, निराळे अर्ज, निराळ्या मुदती आणि निराळ्या हरकती उत्पन्न झाल्या आहेत. रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोन प्रस्थापित पक्षांना या कायद्यांची झळ सहसा लागत नाही. तिसऱ्या पक्षाला मात्र आपले म्हणणे मतदारांपुढे मांडण्यापूर्वी आपले नाव छापून घेण्यासाठीच राज्याराज्यांतून सह्या गोळा करीत हिंडावे लागते, आणि बहुधा त्यातच त्याचे द्रव्य व बळ खर्ची पडते.

या प्रश्नावर माझ्या परिचयातील दोन गृहस्थांचा दीर्घकाळ मतभेद आहे. रावसाहेब महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. उमेदवारी अर्जांची छाननी हा त्यांच्या चाकरीतील नित्याचा भाग असल्यामुळे नियम, मुदत आणि शिक्का यांविषयी त्यांना खरीखुरी आस्था आहे. वकीलसाहेबांची कन्या ओहायो राज्यात स्थायिक होऊन तेथील मतदार झाली, तेव्हापासून ते तिकडील न्यायनिवाडे चिकित्सेने वाचीत आले आहेत. त्या दोघांच्या संभाषणांतील सारभूत भाग येथे एकत्र केला आहे. माझा स्वतःचा कल वकीलसाहेबांकडे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु रावसाहेबांचे काही आक्षेप असे आहेत की त्यांना उत्तर दिल्यावाचून वकीलसाहेबांच्या बाजूला पुढे जाता येऊ नये.

रावसाहेब : वकीलसाहेब, मतपत्रिका हा सरकारी कागद आहे. त्यावर कोणाचे नाव यावे आणि कोणाचे येऊ नये, याला काही धरबंध नको काय? ज्याच्या पाठीशी शंभर माणसे नाहीत, त्याने देशाच्या सर्वोच्च पदासाठी आपले नाव सरकारी खर्चाने छापवून घ्यावे आणि मतदाराने त्या गर्दीतून आपला माणूस शोधीत बसावे, ही लोकशाहीची सेवा आहे असे मला वाटत नाही.

वकीलसाहेब : मतपत्रिका सरकारी कागद केव्हा झाली, तेवढे आधी पाहू. १८८८ साली केंटकीतील लुइव्हिल शहराने आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी मतपत्रिकेची ऑस्ट्रेलियातील पद्धत उचलली, आणि १८९२ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीपर्यंत ती बहुतेक राज्यांत रूढ झाली. त्यापूर्वी सरकार मतपत्रिका छापीतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या चिठ्ठ्या आपणच छापून वाटी आणि मतदार त्यांतली एक पेटीत टाकी. त्यामुळे नव्या पक्षाला एक छापखाना आणि चार वाटणारे हात मिळाले की पुरे. रिपब्लिकन पक्ष १८५४ साली जन्मास आला आणि १८६० साली त्याचा उमेदवार लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला. सहा वर्षांत एवढी मजल मारणाऱ्या त्या पक्षाला कोणत्याही सचिवालयात सह्यांचे गठ्ठे दाखल करावे लागले नव्हते.

रावसाहेब : पण त्याच निवडणुकीत दक्षिणेकडील दहा राज्यांत लिंकनच्या नावाची एकही चिठ्ठी वाटली गेली नाही, हे आपणच मला पूर्वी सांगितले होते. चिठ्ठ्या रंगीत असत, कोण कोणती चिठ्ठी पेटीत टाकतो हे पक्षाचे पहारेकरी उघड्या डोळ्यांनी पाहत, आणि पैसे घेऊन मत देणाऱ्याने ठरल्याप्रमाणे मत दिले की नाही याची खातरजमा तेथल्या तेथे होई. त्या अंदाधुंदीपेक्षा सरकारने छापलेली, सर्व नावे एकत्र असलेली, आडोशाला जाऊन भरावयाची मतपत्रिका ही शतपटीने चांगली.

वकीलसाहेब : त्याविषयी वाद नाही, गुप्त मतदान ही त्या शतकातील मोठी सुधारणा होती. परंतु ज्या दिवशी राज्याने असे फर्मावले की यापुढे आम्ही छापलेला कागदच मत म्हणून मोजला जाईल, त्या दिवशी नागरिकाच्या हातातील एक साधन राज्याने आपल्या ताब्यात घेतले. पूर्वी मतदाराला आपल्या पसंतीचे नाव आणण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती, आता ती लागू लागली. आणि मंजुरी देणारे विधिमंडळ तर त्या दोन पक्षांच्याच सभासदांचे बनलेले. साधन ताब्यात घेणाऱ्यावर ते न्यायाने वापरू देण्याची जबाबदारी येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

रावसाहेब : छापलेले नाव नसेल तर कोऱ्या जागेत लिहिण्याची सोय आहे ना?

वकीलसाहेब : सर्वत्र नाही. हवाई राज्याने अशी लिखित मते स्वीकारण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ती मनाई वैध ठरविली. ओक्लाहोमात तर २००४, २००८ आणि २०१२ अशा लागोपाठ तीन राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत मतपत्रिकेवर दोनच नावे होती आणि तिसरे नाव लिहिण्याची मुभाही नव्हती. त्या राज्यातील ज्या माणसाला त्या दोघांपैकी कोणीही नको असेल, त्याने घरी बसावे, हाच त्या कायद्याचा अर्थ.

येथे ओहायोतील १९६८ च्या खटल्याचा विषय निघाला. या सर्व प्रश्नाचे मर्म त्यात साठले असल्यामुळे त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. त्या वर्षी अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीच्या वतीने उभे होते. ओहायोचा कायदा असा की नव्या पक्षाने मागील गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या पंधरा टक्के, म्हणजे ४,३३,१०० मतदारांच्या सह्या आणाव्यात, आणि त्याही ७ फेब्रुवारीच्या आत. मतदान मात्र नोव्हेंबरात. जुन्या पक्षांनी मागील निवडणुकीत दहा टक्के मते मिळविलेली असली म्हणजे त्यांना सह्यांची तसदी नव्हती. वॉलेसच्या अनुयायांनी साडेचार लाखांहून अधिक सह्या जमविल्या, पण तोवर मुदत टळून गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ओहायोची ती कायदेव्यवस्था रद्दबातल ठरविली आणि वॉलेसचे नाव छापण्याचा हुकूम दिला.

रावसाहेब : ज्याने वंशभेदाची पाठराखण केली, त्या मनुष्यासाठी आपण एवढ्या कळकळीने बोलता, याचे मला आश्चर्य वाटते. पाच राज्ये आणि ४६ निर्वाचकांची मते त्याने त्या वर्षी मिळविली. दार उघडे ठेवले की कोण आत येईल याचा नेम नसतो, हेच त्यातून दिसत नाही काय?

वकीलसाहेब : वॉलेसचे राजकारण मला निंद्य वाटते. पण तो दहा टक्क्यांहून अधिक मते मिळविणारा उमेदवार होता. मतपत्रिकेवरून त्याचे नाव काढल्याने त्याला मानणारी माणसे नाहीशी होणार नव्हती, फक्त ती किती आहेत हे देशाला कळले नसते. शिवाय त्याच खटल्यात दुसरा एक वादी होता, त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. सोशालिस्ट लेबर पार्टी. एकोणिसाव्या शतकापासूनचा हा पक्ष. ओहायोत त्याचे सभासद १०८. कायदा घटनाविरोधी आहे हे त्यांच्याही बाबतीत मान्य झाले, पण त्यांनी दाद मागण्यास विलंब केला होता आणि मतपत्रिका छापण्याची वेळ येऊन ठेपली होती, या सबबीवर त्यांचे नाव छापावयाचे राहिले. म्हणजे ज्याच्या पाठीशी लाखो माणसे त्याला जागा मिळाली, आणि १०८ जणांना केवळ तत्त्वाचे समाधान.

रावसाहेब : मी म्हणतो, तेच योग्य झाले. आणि त्याच न्यायालयाने तीन वर्षांनी, १९७१ साली, जॉर्जिया राज्याची नोंदलेल्या मतदारांच्या पाच टक्के सह्यांची अट एकमताने मान्य केली, तीही आपण वाचली असेलच. नाव छापण्यापूर्वी उमेदवाराला काही लक्षणीय पाठिंबा असल्याचे दाखवून मागणे हा राज्याचा हक्क आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

वकीलसाहेब : वाचली. जॉर्जियात सह्यांसाठी १८० दिवस होते, मुदत ओहायोसारखी अवेळी संपत नव्हती, आणि एका मतदाराला एकाहून अधिक अर्जांवर सही करता येत होती. आकडा मोठा होता, पण बाकीचा मार्ग मोकळा होता. १९८० साली जॉन अँडरसन एप्रिलच्या २४ तारखेला स्वतंत्र उमेदवार म्हणून पुढे आले, तेव्हा ओहायोने त्यांचा अर्ज २० मार्चची मुदत टळल्याच्या कारणावरून नाकारला. आणि १९८३ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मुदतही घटनाबाह्य ठरविली. ज्या वेळी मोठ्या पक्षांचे उमेदवारसुद्धा ठरलेले नसतात, त्या वेळी असंतुष्ट मतदाराने आपला असंतोष आगाऊ नोंदवावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

रावसाहेब क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी आपल्या बाजूचा सर्वांत प्रबळ दाखला पुढे केला.

रावसाहेब : बरे, आता फ्लॉरिडाकडे चला. १९९८ साली त्या राज्याने आपल्या घटनेत दुरुस्ती करून लहान पक्षांना मतपत्रिकेवर येणे सुलभ केले. परिणाम काय झाला? २००० साली तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी दहा उमेदवारांची नावे आली. पाम बीच काउंटीतील अधिकाऱ्यांनी वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून ती नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली, भोके पाडण्याची ओळ मधोमध ठेवली, आणि हजारो लोकांचा गोंधळ उडाला. लहान पक्षाचे उमेदवार पॅट ब्यूकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मते पडली. त्यांतील पुष्कळशी डेमोक्रॅटिक उमेदवार गोर यांच्यासाठी होती हे ब्यूकॅनन यांनी स्वतः कबूल केले. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना राज्यात ९७,४८८ मते मिळाली. रिपब्लिकन उमेदवार बुश तेथे जिंकले ते ५३७ मतांनी. दोन-तीन टक्के मतेही न मिळविणाऱ्या उमेदवारांनी जगातील एका बलाढ्य राष्ट्राचा अध्यक्ष ठरविला. मी छाननीच्या टेबलापाशी बसलेला माणूस आहे, वकीलसाहेब; माझ्या हातून असे झाले असते तर मला झोप लागली नसती.

या आक्षेपाचे वजन कमी लेखण्यात अर्थ नाही. लहान पक्षांचे कैवारी फ्लॉरिडाचा उल्लेख आला की नेडरचा नैतिक अधिकार सांगू लागतात, आणि ज्या मतदाराचे मत त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याच्या खात्यात गेले त्याला मात्र विसरतात.

वकीलसाहेब : दहा नावे नीट छापणे हे काही दुर्घट काम नाही. आपल्याकडे मतदानयंत्राच्या एका संचावर सोळा ओळी असतात आणि खेड्यातील निरक्षर मतदारही चिन्ह पाहून आपले बटण बिनचूक दाबतो. पाम बीचमध्ये मांडणी चुकली, तो दोष मांडणी करणाऱ्यांचा. नेडरची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिचे उत्तर मी टाळणार नाही. ज्याला सर्वांत जास्त मते, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, त्यालाच राज्याचे सगळे २५ निर्वाचक, हा नियम असेपर्यंत तिसरा उमेदवार आपल्याला जवळच्या असलेल्या उमेदवाराचे नुकसान करणारच. तेव्हा दुरुस्ती मोजणीच्या पद्धतीत करावी. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत १९५२ पासून पसंतीक्रमाचे मत आहे. १९६९ साली गिरी निवडून आले ते दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर. मेन राज्याने २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत हीच रीत अवलंबिली. फ्लॉरिडातील नेडरच्या मतदाराला दुसरी पसंती लिहिता आली असती, तर ५३७ चा आकडा कोणाच्या स्मरणातही राहिला नसता.

रावसाहेब : राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा दाखला आपणच दिलात, तर तो पुरता द्या. १९६७ साली त्या निवडणुकीला सतरा उमेदवार उभे राहिले आणि त्यांपैकी नऊ जणांना एकही मत पडले नाही. म्हणून १९७४ साली दहा सूचक व दहा अनुमोदक यांची अट आली, आणि १९९७ साली ती पन्नास-पन्नास झाली. अनामत रक्कम २,५०० वरून १५,००० रुपये झाली. पसंतीक्रमाचे मत असूनही आपल्याला दरवाजा अरुंद करावाच लागला.

वकीलसाहेब : तेथील मतदार खासदार आणि आमदार आहेत, त्यांच्यापैकी शंभर जणांची संमती उमेदवाराला नसेल, तर त्याची उमेदवारी पोकळ आहे हे उघडच दिसते. ज्या निवडणुकीत कोट्यवधी सामान्य माणसे मतदार आहेत, तिला हा न्याय कसा लावावा?

रावसाहेब : सामान्य मतदारांची निवडणूक हवी, तर १९९६ चे बेळगाव घ्या. लोकसभेच्या त्या एका जागेसाठी ४५६ उमेदवार. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागेल अशी परिस्थिती.

वकीलसाहेब : ते उमेदवार कशासाठी उभे राहिले होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? सीमाभागातील मराठी माणसाला आपली तक्रार दिल्लीपर्यंत पोहोचविण्याचा दुसरा मार्ग राहिला नाही, म्हणून त्याने उमेदवारी अर्जालाच आपली फिर्याद केले. त्यानंतर अनामत वाढली, अपक्षांना व मान्यता नसलेल्या पक्षांना दहा सूचकांची अट लागली, आणि ती वाजवी होती असेच मी म्हणेन. ४५६ नावांची मतपत्रिका व्यवहार्य नाही, हे मला मान्य आहे. दरवाजा असावा. पण तो पाठिंबा मोजणारा असावा. पाठिंबा असलेल्यालाही दमवून परत पाठविणारा नसावा. इलिनॉयमध्ये १९४८ साली हेन्री वॉलेस यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडे मागण्यात आलेल्या सह्या फार नव्हत्या, २५,०००. पण त्यांत किमान पन्नास काउंट्यांमधून प्रत्येकी २०० सह्या हव्यात, अशी अट होती. राज्यातील निम्म्याहून अधिक मतदार एका शिकागोच्या कुक काउंटीत राहत होते. म्हणजे अर्ध्या राज्याचा पाठिंबा असला तरी अर्ज नामंजूर. न्यायालयाने त्या वर्षी ती अट मान्य केली, आणि ती चूक होती हे म्हणावयास त्याला १९६९ साल उजाडावे लागले.

रावसाहेब : आणि पेनसिल्व्हेनिया? २००४ साली नेडरच्या माणसांनी तेथे ५१,००० हून अधिक सह्या दाखल केल्या. न्यायालयाने शहानिशा केली तेव्हा त्यांतील १८,८१८ वैध निघाल्या. बनावट सह्या, पत्ता नसलेल्या सह्या. पाठिंबा मोजावयाचा म्हणता, तर मोजणी कसून नको काय?

वकीलसाहेब : कसून हवीच. बनावट सहीचे समर्थन मी करणार नाही. पण ती मोजणी कोणी घडवून आणली, हेही पाहा. हरकत घेणारे लोक दुसऱ्या बाजूचे. आणि पुढे २००८ साली राज्याच्या महाधिवक्त्याने भरलेल्या खटल्यात असा आरोप आला की विधिमंडळातील डेमोक्रॅटिक गटाच्या पगारी नोकरांना सरकारी वेळेत या सह्या तपासण्याच्या कामाला लावले होते. त्यापूर्वीच न्यायालयाने सह्यांच्या शहानिशेच्या खटल्याचा ८१,००० डॉलरहून अधिक खर्च नेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यावर बसविला. उमेदवारी मागितल्याबद्दल प्रतिपक्षाच्या खर्चाचे बिल भरावे लागते, हे ऐकल्यावर पुढच्या वेळी कोण धजावेल?

रावसाहेब : तेथे आपल्या निवडणूक आयोगासारखी संस्था नाही काय?

वकीलसाहेब : त्या अर्थाने नाही. त्यांचा केंद्रीय निवडणूक आयोग उमेदवारांच्या पैशाचा हिशेब पाहतो. अर्ज घेणारा अधिकारी राज्याचा, बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट, आणि पुष्कळ राज्यांत तो स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. कायदा करणारे पक्षाचे, अंमल करणारा पक्षाचा, आणि हरकत घेणाराही पक्षाचाच. न्यूयॉर्कने २०२० साली स्वतंत्र उमेदवारासाठी सह्यांची संख्या १५,००० वरून ४५,००० केली, आणि मुदत अवघी सहा आठवड्यांची. २०२४ साली त्या राज्याच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनच नावे उरली.

रावसाहेब : सुमारे दोन कोट वस्तीच्या राज्यात ४५,००० सह्या म्हणजे काही फार नव्हेत. ज्याला त्याही जमत नाहीत, त्याला राष्ट्राध्यक्ष व्हावयाचे आहे काय? या बाबतीत मी आपल्याशी सहमत होणार नाही.

वकीलसाहेब : न व्हा. टेनेसी राज्य अशा उमेदवाराकडे अवघ्या २७५ सह्या मागते आणि तेथे कोणताही अनर्थ ओढवलेला नाही, एवढेच मी निदर्शनास आणतो. पण नेवाडाची हकीकत आपल्याला सांगावयाची राहिली. ग्रीन पक्षाने तेथे २०२४ च्या निवडणुकीसाठी सुमारे दहा हजारांची गरज असता त्याहून पुष्कळ अधिक सह्या आणल्या. अर्जाचा नमुना त्यांना सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या दप्तरातूनच मिळाला होता. पण तेथील कर्मचाऱ्याने चुकीचा नमुना पाठविला, आणि सही करणारे आपल्या समजुतीप्रमाणे त्याच काउंटीतील नोंदलेले मतदार आहेत, असे सह्या गोळा करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र त्यात नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाने हरकत घेतली. खालच्या न्यायालयाने ग्रीन पक्षाची बाजू घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात पाच विरुद्ध दोन मतांनी नाव काढून टाकले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

हे ऐकताना रावसाहेबांचा चेहरा बदलला, आणि त्यांच्या आवाजात जो संताप आला तो त्यांच्या चाकरीच्या सबंध अनुभवातून आलेला होता.

रावसाहेब : दप्तराने दिलेला नमुना? दप्तरानेच दिलेला? मग तो दोष अर्जदाराच्या माथी कसा येतो? आमच्या कचेरीत कारकुनाने चुकीचा नमुना दिला असता, तर मी अर्जदाराला बोलावून दुसरा भरून घेतला असता आणि कारकुनाकडून लेखी खुलासा मागितला असता. नियम कडक असावा, हे मी आजही म्हणतो. सह्यांचा आकडाही मी कमी करणार नाही. परंतु नियम कडक ठेवणाऱ्या दप्तराने आधी स्वतः नियमाने वागले पाहिजे. अर्ज आला की त्याच दिवशी पोच द्यावी, पोचेवर उणिवा लिहून द्याव्यात, त्या दूर करण्यास सात दिवस द्यावेत, आणि हे काम अशा अधिकाऱ्याकडे असावे ज्याला कोणत्याही पक्षाच्या तिकिटावर पुन्हा उभे राहावयाचे नाही.

वकीलसाहेब : सात दिवस मिळाले असते, तर नेवाडातील त्या लोकांना प्रतिज्ञापत्राचा बरोबर नमुना जोडून अर्ज पुन्हा दाखल करता आला असता. त्यांनी याहून अधिक काही मागितले नव्हते.

रावसाहेब : आणि आपल्या त्या १०८ जणांना?

वकीलसाहेब : त्यांनाही तोच अर्ज, तीच मुदत, तीच पोच. सह्या पुरल्या नाहीत तर नाव छापू नये. पण ज्याला त्यांना मत द्यावयाचे आहे त्याच्यासाठी मतपत्रिकेवर एक कोरी ओळ ठेवावी, आणि त्या ओळीवर पडलेली मते मोजून जाहीर करावीत.

रावसाहेब : कोऱ्या ओळीला माझी हरकत नाही.